कमी त्रासाचे उपचार: कुठे कमी करता येतं आणि कुठे नाही

चिंचवडहून एका वडिलांनी विचारलं आहे:

"माझी मुलगी साडेपाच वर्षांची. बी-सेल एएलएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला. पुण्यातच ॲडमिट केलंय, इंडक्शन सुरू होऊन आठवडा झाला. सगळं मिळून दोन-अडीच वर्षं चालेल म्हणतात. मोबाइलवर रोज काहीतरी येतं की आता केमोशिवाय, इम्युनोथेरपीने मुलं बरी होतात आणि त्रास होत नाही. घरातले म्हणतात, एवढ्याशा पोरीच्या अंगात एवढं विष कशाला घालायचं, थोडं थांबू, मुंबईत किंवा बाहेर काही सौम्य मिळतं का बघू. केमोने हृदय, मेंदू, पुढे मूलबाळ होणं यावर परिणाम होतो हे खरं का? आणि डॉक्टरांनी संशोधनात भाग घ्या म्हटलं तर काय सांगायचं?"

सुरू झालेलं इंडक्शन, म्हणजे केमोचा पहिला टप्पा, कृपा करून थांबवू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण एवढं आज रात्रीच घरात ठरवून टाका. पहिल्या चार-पाच आठवड्यांत रोग किती झपाट्याने मागे हटतो यावर पुढचं बरंच काही ठरतं. मध्येच खंड पडला की उरलेल्या पेशींना डोकं वर काढायला वेळ मिळतो, आणि पुन्हा सुरुवात करायची वेळ आली तर उपचार आधीपेक्षा कडक करावे लागतात. ज्या त्रासातून पोरीला वाचवायचं म्हणून थांबायचं, तोच वाढून परत येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, आणि गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जातं. उशिरा निदान, औषधांचा तुटवडा ही कारणं आहेतच, पण उपचार अर्ध्यावर सुटणं हेही मोठं कारण आहे. सोलापूर, बीड, अहिल्यानगरहून पुण्याला येणाऱ्या कुटुंबांत मी हे फार जवळून पाहिलं आहे. सोडून जाणाऱ्या आईबापांची माया कमी पडते असं एकदाही दिसलं नाही. भीती आणि खर्च दोन्ही एकदम अंगावर आलेले असतात. खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना लगेच भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद आणि ट्रस्टचे अर्ज जितक्या लवकर जातील तितकं बरं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. 'कमी त्रासात बरं करता येईल का' हे विचारणं अगदी योग्य आहे. या शाखेतलं गेल्या पन्नास वर्षांतलं बरंचसं संशोधन याच प्रश्नाभोवती झालं आहे. आणि त्यात जे साधलं, त्यातलं पुष्कळ नव्या औषधांमुळे साधलेलं नाही. कोणत्या मुलाला किती उपचार पुरतात हे तपासून, जास्तीचं एकेक करून काढून टाकल्यामुळे साधलं आहे. तुमच्या मुलीला आज जे दिलं जातंय, ते अशा काटछाटीनंतर उरलेलं आहे. म्हणून आधी ते कसं घडलं हे थोडं सांगते.

१९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन हे औषध देऊन रक्ताच्या कर्करोगातली मुलं काही काळ तरी सुधारतात हे दाखवलं. ते औषध लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने तयार केलं होतं. हे सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमवरमचे. तुमच्या मुलीला मिळणारं मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचं भावंड. पण तेव्हा रोग काही महिन्यांत उलटायचा. साठच्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी चार-पाच औषधं एकत्र दिली आणि मेंदूत लपलेल्या पेशींसाठी डोक्याला २४ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) रेडिएशन दिलं. निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. त्याआधी जवळजवळ सगळी जात होती, हे लक्षात घ्या.

मग ती मुलं मोठी झाली. कुणाला शाळेत गणित जमेना, कुणाची उंची थांबली, कुणाला पुढे दुसरी गाठ निघाली. अमेरिकेत १९९४ पासून अशा बऱ्या झालेल्या हजारो मुलांचा पाठपुरावा सुरू झाला. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा साधारण पाचातल्या तिघांना किमान एक दीर्घकाळचा आजार होता, आणि चौथाईहून जास्त जणांचा आजार गंभीर किंवा जिवावर बेतणारा होता. तुम्ही मोबाइलवर वाचता ते आकडे बहुतेक हेच. पण ही मुलं १९७० ते १९८६ या काळात उपचार घेतलेली होती. त्या आकड्यांवरून तुमच्या मुलीचं भविष्य वाचू नका.

कारण दरम्यान रेडिएशन २४ वरून १८ वर आलं, मग ठरावीक मुलांनाच राहिलं. आणि २००० ते २००७ या काळात सेंट ज्यूडच्याच 'टोटल-१५' अभ्यासात एकाही मुलाला खबरदारी म्हणून डोक्याला रेडिएशन दिलं नाही. त्याऐवजी पाठीतून दिलेली इंजेक्शनं आणि नीट मोजून दिलेलं केमो. पाच वर्षांनी ९३.५ टक्के मुलं हयात होती. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तुमची मुलगी ज्या पाठीतल्या इंजेक्शनाच्या दिवशी रडून घर डोक्यावर घेते, ते इंजेक्शन तिच्या मेंदूला रेडिएशनपासून वाचवतंय. हे तिच्या आजीलाही सांगा. 'मेंदूवर परिणाम होतो का' या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर हेच आहे. मेथोट्रेक्सेटमुळेही काही मुलांना लक्ष लागण्यात किंवा वेगाने काम करण्यात थोडी अडचण येऊ शकते, म्हणून शाळा सुरू झाल्यावर बाईंशी बोलत राहा. पण रेडिएशनच्या काळातलं नुकसान आणि हे, यांची तुलना होऊ शकत नाही.

कुणाचं किती कमी करायचं हे कळतं कसं? इंडक्शन संपताना, साधारण एकोणतिसाव्या ते पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास, बोन मॅरो पुन्हा काढतील आणि एमआरडी नावाची तपासणी करतील. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसली तरी त्यात रोगाच्या पेशी उरलेल्या असू शकतात. एमआरडीमध्ये दहा हजार पेशींत एक जरी रोगट असली तरी सापडते, पोत्याभर तांदळातला खडा हाती लागावा तशी. ही तपासणी आपल्याकडे बहुधा फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे यंत्रातून एकेक पेशी तपासून, होते. तिच्या वेळेबाबत आणि दर्जाबाबत तडजोड करू नका. या एका अहवालावर तुमच्या मुलीला मिळणारं पुढचं केमो कमी-जास्त होणार आहे. ब्रिटनमधल्या यूकेएएलएल २००३ या अभ्यासात एमआरडी चांगली आलेल्या मुलांना 'डिलेड इन्टेन्सिफिकेशन' हा नंतरचा कडक केमोचा टप्पा दोनदाऐवजी एकदाच दिला. रोग उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही आणि मुलांचा एक अख्खा अवघड टप्पा वाचला. चीनमधल्या सीसीसीजी-एएलएल-२०१५ या मोठ्या अभ्यासात कमी धोक्याच्या मुलांना उपचाराच्या पहिल्या वर्षानंतर, मेंटेनन्स या शेवटच्या लांब टप्प्यात, व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध आणि डेक्सा हे स्टिरॉइड यांचे दर काही आठवड्यांचे डोस गरजेचे नाहीत असं २०२१ मध्ये दिसलं. युरोपातल्या ऑलटुगेदर-१ चाचणीत डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा एक भाग काढता येतो का हे तपासत आहेत. हे सगळं असं तुकड्या-तुकड्याने पुढे सरकतं. बातमीत 'क्रांती' म्हणून येत नाही, पण मुलांच्या अंगावर दिसतं.

दुसरी बाजू सांगितली नाही तर तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कमी केलेलं प्रत्येक वेळी चालत नाही. मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीत सर्जरीनंतर मेंदू आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन द्यावं लागतं. लहान मुलांना ते २३.४ ऐवजी १८ ग्रे पुरेल का, हे अमेरिकेत मोठ्या चाचणीत तपासलं. २०२१ मध्ये निकाल आला: १८ वाल्या मुलांत रोग जास्त उलटला. याच चाचणीत मात्र गाठीच्या जागेभोवतीचा रेडिएशनचा भाग लहान केला तरी चालतं हे सिद्ध झालं, आणि आता मुलांना त्याचा फायदा मिळतो. आपल्याकडे टाटा मेमोरियलमध्ये त्याच गाठीच्या सगळ्यात चांगल्या समजल्या जाणाऱ्या डब्ल्यूएनटी प्रकारात सुरुवातीला अख्ख्या मेंदूचं आणि कण्याचं रेडिएशन वगळून पाहिलं. अभ्यासातल्या मोजक्या मुलांतही रोग परत येताना दिसला आणि डॉक्टरांनी अभ्यास लगेच थांबवला. असं थांबवणं हेच संशोधन नीट चालल्याचं लक्षण आहे. "मॅडम, डोस जरा कमी करा ना, लेकरू अगदी वाळलंय" असं आया कळवळून सांगतात तेव्हा मला नाही म्हणावं लागतं, ते या मुलांमुळे. अंदाजाने कमी केलेल्या डोसची किंमत सहा महिन्यांनी कळते आणि तेव्हा हातात फारसं काही राहिलेलं नसतं.

आता इम्युनोथेरपी. तुम्ही वाचलेलं औषध बहुधा ब्लिनाटुमोमॅब असणार. ते आपल्याच टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, रोगाच्या पेशींजवळ नेऊन जोडतं, आणि छोट्या पंपातून २८ दिवस सलग थेंबथेंब जातं. डिसेंबर २०२४ मध्ये एएएलएल-१७३१ या चाचणीचे निष्कर्ष आले. स्टँडर्ड-रिस्क, म्हणजे रोग उलटण्याचा धोका फार नसलेल्या, बी-एएलएलच्या मुलांत नुसत्या केमोवर तीन वर्षांनी ८७.९ टक्के मुलं रोगमुक्त होती. केमोसोबत ब्लिनाटुमोमॅबचे दोन कोर्स दिल्यावर ९६ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चिठ्ठी टाकून गट ठरवणं वेळेआधीच बंद केलं. ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण वाक्य पुन्हा वाचा: केमोसोबत. या चाचणीत केमो काढून टाकलेलं नव्हतं. त्यामुळे 'केमोशिवाय' ही बातमी तुमच्या मुलीच्या आजारात आज खरी नाही. ब्लिनाटुमोमॅबच्या जोरावर केमो किती छाटता येईल हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरं यायला वर्षं जातील. औषध भारतात मिळतं, किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: "हिच्या रिस्कमध्ये ब्लिनाटुमोमॅबचा किती फायदा होईल, आणि कुठल्या मार्गाने मिळू शकेल?" प्रश्न विचारल्याने कुणी रागावत नाही.

कार-टी हे दुसरं नाव तुमच्या कानावर आलं असेल. रुग्णाच्या टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करून परत देतात. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही मुलगी त्याने बरी झाली आणि साऱ्या जगाचं लक्ष तिकडे गेलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली. परदेशातल्या किमतीच्या अंदाजे दहाव्या हिश्श्यात आपल्या माणसांनी हे करून दाखवलं याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ही मान्यता १५ वर्षांवरच्या आणि रोग उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी आहे. पहिल्याच उपचारात, साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी तिचा विचार आज होत नाही. त्याचेही त्रास आहेत: जोराचा ताप, रक्तदाब पडणं, काही वेळा भ्रम, आणि नंतर बराच काळ जंतुसंसर्गाचा धोका.

हृदयाचं विचारलंत. डॉनोरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिन, म्हणजे वॉर्डात ज्यांना सगळे 'लाल औषध' म्हणतात, ती हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतात, आणि धोका आयुष्यभरात एकूण किती डोस गेला यावर वाढत जातो. शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की तो धोका जास्त समजतात. स्टँडर्ड-रिस्क एएलएलमध्ये एकूण डोस साधारण याच्या बराच खाली राहतो. तुमच्या मुलीच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे उपचारांच्या ठरलेल्या आराखड्यात, शेवटी किती भरेल हे डॉक्टर आत्ताच कागदावर आकडा मांडून सांगू शकतील. इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, अहवाल एका फाइलमध्ये तारखेने लावून ठेवा. मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरमध्ये युरोपच्या अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवलं की दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या मध्यम धोक्याच्या मुलांना डॉक्सोरुबिसिन दिलंच नाही तरी चालतं. किती पोरांची हृदयं वाचली असतील, विचार करा.

मूलबाळ होण्याचं: मुलीच्या बाबतीत या प्रकारच्या एएलएलमध्ये वापरलं जाणारं सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध बेताचं असतं, आणि बहुतेक मुलींची पाळी वेळेवर येते, पुढे मुलंही होतात. वयात आलेल्या मुलग्यांना आणि जास्त डोसच्या उपचारांना मी हेच उत्तर देणार नाही. तिथे उपचार सुरू होण्याआधी वीर्य साठवण्याबद्दल बोललंच पाहिजे, कितीही संकोच वाटला तरी.

तुमच्या मुलीला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध नाही, पण इथे यकृताच्या किंवा हाडाच्या गाठीच्या मुलांचे पालकही वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. सिस्प्लॅटिनने कायमचा बहिरेपणा येतो आणि तो उंच आवाजांपासून सुरू होतो, म्हणून घरात लक्षात यायला उशीर होतो. 'स', 'श', 'फ' ऐकू येत नाहीत, मूल अर्धवट ऐकून हो म्हणतं आणि वर्गात मागे पडतं. सायोपेल-६ या चाचणीत सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं. ऐकू कमी येणाऱ्या मुलांचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलं, आणि यकृताच्या त्या गाठीवरचा परिणाम कमी झाला नाही. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मान्यता न पसरलेल्या गाठींसाठी आहे, हे विसरू नका. तुमच्या मुलाला सिस्प्लॅटिन असेल तर पहिल्या डोसआधी ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, झाली का आणि थायोसल्फेट देता येईल का, हे दोन प्रश्न विचाराच.

या सगळ्यापेक्षा मला आज तुमच्याशी ज्याबद्दल जास्त बोलायचं आहे ते आता. आपल्याकडे उपचारांच्या पहिल्या महिन्यात मुलं दगावतात ती बहुतेक जंतुसंसर्गाने. हृदयाचा किंवा बुद्धीचा प्रश्न वीस वर्षांनंतरचा आहे, हा येत्या आठवड्याचा आहे. म्हणून भारतातल्या 'सुरक्षित उपचारां'च्या संशोधनात संसर्गाला आधी जागा मिळाली. चंडीगड, दिल्ली, कोलकाता, मुंबई, चेन्नईच्या केंद्रांनी मिळून आयसायकल-एएलएल-१४ ही चाचणी उभी केली, तेव्हा पहिला प्रश्नच हा घेतला की कमी धोक्याच्या लहान मुलांना इंडक्शनमध्ये प्रेडनिसोलोन पाच आठवड्यांऐवजी तीन आठवडे दिलं तर चालेल का. स्टिरॉइड जितके दिवस जास्त, तितकी प्रतिकारशक्ती जास्त दबते. हा आपल्या वॉर्डांतून आलेला प्रश्न आहे.

तुमच्या हातात काय आहे? थर्मामीटर. काखेत लावून १००.४ फॅरनहाइट किंवा वर दिसलं, तर दिवस असो वा रात्र, लगेच वॉर्डला फोन करून निघा. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, कमी असताना आलेल्या तापात अँटिबायोटिकचा पहिला डोस पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून जायला हवा. आधी क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघू नका. ताप उतरतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. स्टिरॉइड चालू असताना तर ताप न येताही मूल गळून पडू शकतं. हातपाय गार, सुस्ती, लघवी कमी, एवढंही पुरेसं कारण आहे. चिंचवडहून येताना रात्री कुठल्या रस्त्याने निघायचं, कुणाची गाडी, वॉर्डचा थेट नंबर कोणता, हे आजच कागदावर लिहून फ्रिजवर लावा. ज्या दिवशी तुकोबांची पालखी आकुर्डीहून पुण्याकडे निघते आणि ज्या दिवशी गणपती विसर्जन असतं, त्या दोन्ही वेळी रस्ते बंद असतात. तेव्हा काउंट कमी असतील तर आदल्या दिवशीच रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम करा. अनेक पालकांनी हे केलं आहे आणि त्याचा फायदा झाला आहे. सोसायटीत किंवा शाळेत कुणाला कांजिण्या निघाल्या आणि मुलगी त्यांच्याजवळ होती, तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. धाकट्या भावंडाला पोलिओचे थेंब द्यायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना विचारा. त्याऐवजी इंजेक्शनवाली लस देता येते.

खाणंही औषधाइतकंच. वजन कमी असलेल्या मुलांना केमोचा त्रास जास्त होतो. गरम वरणभात, नीट उकडलेलं अंडं, घरी शिजवलेलं काहीही. हातगाडीवरचं आणि कापून ठेवलेलं काही नको.

दोन गोष्टी अगदी काटेकोरपणे. व्हिन्क्रिस्टीन फक्त शिरेतून जातं. ते चुकून पाठीत गेलं तर जवळजवळ नेहमी जीव जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलं आहे की ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्यावं, म्हणजे पाठीच्या इंजेक्शनाशी गल्लत होणारच नाही. पाठीच्या इंजेक्शनाच्या वेळी व्हिन्क्रिस्टीन त्याच खोलीत नको, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुसरं, व्हिन्क्रिस्टीन चालू असताना बुरशीसाठीची इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोलसारखी औषधं मिळाली तर त्याचा विषारी परिणाम वाढतो: पायाचा पंजा लटकतो, पोट साफ होत नाही, जबडा दुखतो. बाहेरच्या डॉक्टरांनी कोणतीही गोळी लिहून दिली की आधी आम्हाला दाखवा. काढे, भस्मं, कुणी आणून दिलेली पूड, तेही. तुम्ही श्रद्धेने देता हे मला समजतं, मी रागावणार नाही, पण मेथोट्रेक्सेटसोबत यकृताला काय झेपेल हे न सांगता कळत नाही.

पुढे मेंटेनन्स येईल, दीड-दोन वर्षांचा, आणि तेव्हा उपचार बहुतांशी तुमच्या स्वयंपाकघरात चालेल. रोज रात्री सिक्स-एमपी ही केमोची गोळी. गोळी ५० मिलिग्रॅमची. तुमच्या मुलीच्या अंगाचं क्षेत्रफळ समजा ०.७ चौरस मीटर आणि प्रोटोकॉलप्रमाणे ६० मिलिग्रॅमचा हिशेब, म्हणजे रोजचे ४२ मिलिग्रॅम. अशी गोळी नाही. मग आम्ही आठवड्याचा हिशेब करतो: पाच दिवस अख्खी, दोन दिवस अर्धी, एकूण ३००. आया वर्तमानपत्रावर ब्लेडने गोळी कापतात, एक तुकडा मोठा होतो, पूड सांडते. गोळी कापायची छोटी डबी औषधांच्या दुकानात मिळते, ती घ्या, हातमोजे घाला, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला हात लावू देऊ नका. २०२५ मध्ये टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी बंगळूरच्या आयडीआरएस लॅब्सबरोबर याच औषधाचं पातळ रूप 'प्रीव्हॉल' नावाने आणलं. सिरिंजने मिलिलिटरमध्ये मोजून देता येतं. लहान मुलांसाठी मला ही फार मोलाची गोष्ट वाटते, तुमच्या वेळेपर्यंत मिळतं का विचारून ठेवा.

सिक्स-एमपीबद्दल आणखी एक. काही मुलांचे काउंट नेहमीच्या डोसवरही एकदम तळाला जातात, कारण शरीरात औषध निकामी करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात जन्मजात फरक असतो. पाश्चात्त्य पुस्तकांत टीपीएमटी या जनुकावर भर असतो. आपल्या लोकांत एनयूडीटी-१५ या जनुकातला फरक जास्त आढळतो, आणि हे गेल्या दहा-बारा वर्षांतलं, आशियाई रुग्णांच्या अभ्यासातून आलेलं ज्ञान आहे. रक्ताच्या एका नमुन्यावर तपासणी होते. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर नेहमीच्या डोसच्या थोड्याशा भागावर भागतं. मेंटेनन्सच्या आधी दोन्ही जनुकं तपासून घ्या. आणि गोळी चुकवू नका. डॉ. स्मिता भाटिया यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. मूल हसतंखेळतं दिसायला लागलं की गोळीचा विसर पडतो, तिथेच सांभाळायचं.

संशोधनात भाग घ्यायचा का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मी म्हणेन, नीट चालवलेला अभ्यास असेल तर मोकळ्या मनाने ऐका, आणि पटलं तर हो म्हणा. वर सांगितलेला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी आईबापांनी हो म्हटल्याने आलेला आहे. अभ्यासाचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. २००९ पासून भारतात अशी नोंदणी आधी करणं बंधनकारक आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, नेहमीच्या उपचारापेक्षा नेमकं काय वेगळं आहे, चिठ्ठीत दुसरा गट आला तर काय मिळेल, अभ्यासामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करेल, हे विचारा. संमतीपत्र मराठीत मिळालं पाहिजे आणि घरी नेऊन वाचायला वेळ मिळाला पाहिजे. मधूनच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यामुळे मुलीच्या नेहमीच्या उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. सात वर्षांवरच्या मुलांना त्यांच्या भाषेत समजावून त्यांचीही तयारी विचारली जाते. तुमची मुलगी त्या वयाची नाही, तरीही काय होणार आहे ते तिला सांगा, मुलं कल्पनेपेक्षा जास्त समजून घेतात.

कुणी 'स्टेम सेल'च्या किंवा 'नवीन संशोधना'च्या नावाखाली लाखो रुपये आगाऊ मागत असेल आणि वर केमो बंद करायला सांगत असेल, तर तिथून उठा. खरा अभ्यास चालणारे उपचार सोडायला लावून पैसे घेत नाही.

आणि उपचार संपेल त्या दिवशी एक कागद मागून घ्या. त्यावर मुलीच्या आजाराचा प्रकार, एमआरडीचे निकाल, लाल औषधाचा एकूण डोस दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम, सायक्लोफॉस्फमाइडचा एकूण डोस, पाठीतली इंजेक्शनं किती, रेडिएशन दिलं की नाही, शेवटच्या इकोचा आकडा, हे सगळं असलं पाहिजे. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९१ पासून बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक चालवलं आहे. पुण्यात तुमच्या डॉक्टरांकडेच वर्षातून एकदा, ती मोठी झाल्यावरही, त्या कागदासकट जात राहा. सध्या मात्र इंडक्शनच्या शेवटच्या मॅरोची तारीख विचारून घ्या, आणि एमआरडीचा अहवाल आला की त्यावरचा टक्का आणि तिची रिस्क कोणती ठरली ते मला कळवा. पुढचं त्यावर बोलू.